वेदीची शिंगे

इंग्रजीतील 'सँक्च्युअरी' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की प्रथम हाती येतो तो 'अभयारण्य'. वाघाला, माळढोकाला, भीमाशंकरच्या शेकरूला आम्ही अभय देऊन ठेवले आहे. माणसांसाठी मात्र असा ठाशीव शब्द आमच्या रोजच्या व्यवहारात नाही. मराठी बायबलमध्ये तो आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला त्याने सूड घेणाऱ्यापासून पळून जाऊन राहावे यासाठी मोशेच्या नियमशास्त्राने सहा नगरे नेमून दिली. मराठी अनुवादकांनी त्यांना 'शरणपुरे' म्हटले. नाशिककरांना 'शरणपूर रोड' हा पत्ता म्हणून पाठ असतो, पण त्या नावामागची वसाहत फारशी कोणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली. अरबांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे तेथे आणली गेली आणि सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो नाशिकच्याच शाळेतून गेलेला.

शरणपूरची गोष्ट हृद्य आहे, परंतु तीत एक अडचण कधी उद्भवलीच नाही. ज्यांनी मुले सोडवली ते सरकार आणि ज्यांनी ती सांभाळली ते मिशन, दोघे एकाच बाजूचे होते. शरणपुराची खरी कसोटी लागते ती सरकार ज्याला शोधते आहे तोच माणूस उपासनामंदिरात येऊन बसतो तेव्हा. अशा वेळी आत काय होते, आश्रय देणाऱ्यांचे आणि विशेषतः आश्रय घेणाऱ्यांचे, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना नाशिकपासून बरेच दूर, अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात नेत आहोत. काळ १९८० नंतरचा.

त्याआधी एक खुलासा हवा. देवळात शिरलेल्याला राजाने हात लावू नये हा संकेत जुना असला तरी तो कधीच निरपवाद नव्हता. 'राजे' या ग्रंथात अदोनीया वेदीची शिंगे धरतो आणि वाचतो, तूर्तापुरता का होईना. थोड्याच पानांनंतर यवाब तीच शिंगे धरतो आणि शलमोनाच्या आज्ञेवरून तेथेच मारला जातो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आश्रयाला कायद्याचे रूप होते. चाळीस दिवसांच्या आत देश सोडून जाण्याची शपथ घेतली की गुन्हेगाराला बंदराची वाट मोकळी होई. १६२४ साली पार्लमेंटने ती प्रथाच रद्द केली. अमेरिकेच्या कायद्याने चर्चला असा अधिकार कधीही दिलेला नाही. तेव्हा टूसॉन शहरातील एका गरीब वस्तीतल्या मंडळीने १९८२ साली जे जाहीर केले त्याला कायद्याचा आधार शून्य होता, आणि हे जाहीर करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

एल साल्वादोरमध्ये त्या वेळी यादवी पेटली होती. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना मिस्सा चालू असताना वेदीपाशी गोळी घालण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार अमेरिकन ख्रिस्ती सेविकांवर तेथील नॅशनल गार्डच्या शिपायांनी बलात्कार करून त्यांची हत्या केली. बारा वर्षांच्या त्या युद्धात सुमारे ७५,००० माणसे मेली. शेजारच्या ग्वातेमालात त्याहून जुने आणि त्याहून भीषण युद्ध चालू होते. माणसे उत्तरेकडे पळू लागली. जुलै १९८० मध्ये ॲरिझोनाच्या ऑर्गन पाइप वाळवंटात वाट चुकलेल्या साल्वादोरी जथ्यातील तेरा जण तहानेने मेले. वाचलेल्यांची सोय टूसॉनमधील चर्चेसनी केली, आणि ही माणसे कशापासून पळत आहेत हे त्यांना पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून कळले.

वास्तविक अमेरिकेने त्याच वर्षी मार्चमध्ये नवा निर्वासित कायदा केला होता. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांपायी छळ होण्याची साधार भीती असलेल्यास आश्रय मिळावा, असे तो सांगत होता. पण एल साल्वादोरच्या सरकारला शस्त्रे आणि पैसा अमेरिकाच पुरवीत होती. ज्या सरकारचे आपण मित्र, त्याच्यापासून माणसे जीव घेऊन पळत आहेत हे मान्य कसे करायचे? म्हणून ती 'पोटासाठी आलेली' ठरली. १९८४ साली साल्वादोरी अर्जदारांपैकी जेमतेम तीन टक्क्यांना आणि ग्वातेमालींपैकी एका टक्क्याहून कमी लोकांना आश्रय मिळाला. कम्युनिस्ट पोलंडमधून आलेल्यांचे प्रमाण त्याच्या कित्येक पट होते. 'बिनकागदी' हा शब्द आपण सहज वापरतो, जणू ती त्या माणसाच्या अंगची उणीव आहे. कागद कोणाला द्यायचा नाही हे आधीच ठरवलेले असू शकते, एवढे या आकड्यांवरून ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

येथे जिम कॉर्बेट येतो. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कुमाऊंचा नरभक्षकांचा शिकारी उभा राहील. हा तो नव्हे. हा हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून ॲरिझोनात शेळ्या राखणारा, संधिवाताने हातपाय वाकडे झालेला क्वेकर. मे १९८१ मध्ये एका साल्वादोरी तरुणाला सीमापोलिसांनी पकडल्याचे त्याच्या कानी आले. दुसऱ्या दिवशी त्याने अधिकाऱ्यांना फोन करून 'मी जिम कॉर्बेट बोलतो' असे सांगितले. योगायोगाने टूसॉनच्या एका माजी महापौराचेही नाव तेच होते. पलीकडच्याने आदबीने सारी माहिती दिली. नामसाम्याचा असा सदुपयोग क्वचितच झाला असेल. कोठडीतील माणसांकडून 'आम्ही स्वखुशीने परत जातो' अशा अर्थाच्या कागदावर सह्या घेतल्या जातात, हे कॉर्बेटला त्यानंतर समजले. त्याने जामिनाची रक्कम जमवली, अर्ज भरून दिले, घराला जोडून असलेल्या खोलीत माणसे ठेवली. पण अर्ज एकामागून एक फेटाळले जाऊ लागले, तेव्हा तो स्वतःच सीमेवरून माणसे आणू लागला आणि एके दिवशी साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक जॉन फाइफ यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. सीमा ओलांडून आणलेली माणसे चर्चमध्ये ठेवाल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

साउथसाइड हे श्रीमंतांचे चर्च नव्हे. १९०६ साली तेथील आदिवासींसाठी उघडलेले ते मिशन. पुढे मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि गोरे अशी सरमिसळ मंडळी तेथे जमली. आधी गुपचूप काम झाले. मग सरकारी वकिलाकडून इशारा आला की हे थांबले नाही तर खटला भरू. तेव्हा मंडळीपुढे दोन वाटा उरल्या : थांबणे, किंवा सरकारने उघड करण्याआधी आपणच उघड करणे. जानेवारी १९८२ मध्ये चार तासांच्या चर्चेनंतर गुप्त मतदान झाले. ५९ मते बाजूने पडली, २ विरुद्ध. त्या दोन मतांविषयी आम्हांस राहून राहून कुतूहल वाटते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहावयास सांगितले आहे. पळून आलेल्या अनेसिमाला त्यानेच धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवले आहे. दुसऱ्या बाजूस लेवीयाची आज्ञा आहे की तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर तुम्ही स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. शास्त्र दोन्ही पक्षांच्या खिशात होते. आम्हांस वाटते, वचनांपेक्षा एक साधी गोष्ट निर्णायक ठरली असावी : मत देणाऱ्यांनी ती माणसे पाहिली होती आणि त्यांच्याबरोबर जेवण घेतले होते.

२४ मार्च १९८२ रोजी, रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, चर्चवर स्पॅनिश भाषेतले फलक लागले. मध्य अमेरिकेतील पीडितांसाठी हे देवाचे आश्रयस्थान आहे असे एकावर, आणि पोलिसांनी ते भ्रष्ट करू नये अशा आशयाचे दुसऱ्यावर. केंद्रीय महाधिवक्त्यांना पत्र आधीच गेले होते. पत्रकारांपुढे एक साल्वादोरी निर्वासित बसवला होता, रुमालाने तोंड झाकलेला. पुढे देशभर चारशेहून अधिक ख्रिस्ती मंडळ्या आणि यहुदी सभास्थाने यांनी अशीच घोषणा केली. बहुतेक ठिकाणी तोच रुमाल होता.

आमच्या मते त्या रुमालाचा विचार या चळवळीच्या इतिहासात जितका व्हायला हवा तितका झालेला नाही. निर्वासिताला चर्चमध्ये जागा मिळे, अन्न मिळे, डॉक्टर मिळे; आणि त्याने आपली कहाणी सांगावी अशी अपेक्षा असे. उपासनेनंतर, शाळांमधून, दुसऱ्या गावच्या चर्चमधून, पुन्हापुन्हा. भाऊ कसा नेला, प्रेत कसे सापडले. ऐकणाऱ्यांची हृदये पाझरत, काहींची राजकीय मते बदलत. सांगणाऱ्याचे काय होत असेल? मायदेशी उरलेल्या नातेवाइकांना आपल्यामुळे धोका पोहोचू नये म्हणून तोंड झाकायचे, नाव बदलायचे आणि तरीही आपले सर्वांत खाजगी दुःख उघड्यावर मांडायचे. यजमान चांगलेच होते. पण यजमानाच्या चांगुलपणावर जगणाऱ्याला 'आज नको' म्हणणे किती जड जाते, हे ज्याने कोणाच्या घरी आश्रित म्हणून दिवस काढले आहेत त्याला सांगावयास नको.

याच मुद्द्यावर चळवळीत फूटही पडली. शिकागोतील मंडळी राजकारणाला अग्रक्रम देत. अमेरिकेचा युद्धातील हात थांबवणे हे ध्येय, म्हणून त्याविरुद्ध स्पष्ट बोलू शकणारे निर्वासित त्यांना हवे असत. टूसॉनच्या कॉर्बेटला हे पटत नव्हते. मरणाच्या दारातून आलेल्याची राजकीय उपयुक्तता तपासायची नाही, असे तो म्हणे. पण चाळणी टूसॉनकडेही होतीच. ज्याच्या जिवाला धोका त्यालाच आणायचे असा त्यांचा नियम होता, कारण निर्वासित कायदा आम्ही मोडत नसून सरकार मोडत आहे आणि आम्ही तो पाळत आहोत, ही कॉर्बेटची सारी भूमिका. सविनय कायदेभंगाहून ही निराळी. मिठाचा कायदा अन्याय्य म्हणून गांधीजींनी तो मोडला आणि शिक्षा मागून घेतली. कॉर्बेट म्हणत होता की कायदा चांगला आहे, शिक्षा आम्हांला कशाला? युक्तिवाद देखणा होता. त्याची किंमत मात्र सीमेपलीकडच्या त्या मेक्सिकन शेतमजुराने मोजली, ज्याच्यामागे बंदूक नव्हती, नुसती भूक होती. लेवीयाच्या आज्ञेत परका कशामुळे आला याची चौकशी नाही. चळवळीच्या मुलाखतीत ती होती, आणि असणे भाग होते. हा पेच कॉर्बेटलाही सुटला नाही आणि आम्हीही येथे सोडवण्याचा आव आणत नाही.

१९८४ साली एक माणूस टूसॉनच्या मंडळीत मदत करू लागला. नाव हेसूस क्रूझ, म्हणजे येशू आणि क्रूस! कादंबरीत असे नाव घातले असते तर समीक्षकांनी लेखकाला झोडपले असते. क्रूझ पूर्वी माणसे सीमेपार नेण्याचा धंदा करीत असे. आता तो सरकारचा पगारी खबऱ्या होता. तो निर्वासितांना गाडीतून पोहोचवी, सभांना बसे, आणि अंगावर लपवलेल्या यंत्राने सारे ध्वनिमुद्रित करी. असे एकूण सुमारे शंभर तासांचे ध्वनिमुद्रण जमले. जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोपपत्र ठेवले गेले : पाळक, धर्मगुरू, धर्मभगिनी, गृहिणी. पन्नासहून अधिक निर्वासितांना पकडण्यात आले. खटल्याची हकीकत थोडक्यात सांगता येते. न्यायाधीश अर्ल कॅरल यांनी मध्य अमेरिकेतील परिस्थिती, आरोपींची धर्मश्रद्धा आणि खुद्द १९८०चा निर्वासित कायदा यांविषयी ज्यूरीपुढे पुरावा येऊ दिला नाही. बचाव पक्षाने एकही साक्षीदार न बोलावता आपले काम संपवले. १ मे १९८६ रोजी अकरांपैकी आठ जण दोषी ठरले. त्यांत फाइफ होते, मेक्सिकोतील नोगालेसचे धर्मगुरू किन्योनेस होते, त्याच गावची एक विधवाही होती. कॉर्बेट सुटला, कारण ध्वनिफितींवर त्याच्याविरुद्ध पुरेसे काही सापडलेच नाही. जुलैत शिक्षा झाल्या, पण कोणालाही तुरुंगात धाडले गेले नाही. सारे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर घरी गेले.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने गोष्ट येथे संपली. आम्हांला तीमधला एक कमी गाजलेला धागा अधिक महत्त्वाचा वाटतो. ॲरिझोनातील चार चर्चेसनी सरकारवर उलट दावा लावला. त्यांची तक्रार अटकांविषयी नव्हती. सरकारी माणसे यंत्रे लपवून आमच्या उपासनेत आणि बायबलच्या अभ्यासवर्गात बसली, यामुळे आमच्या मंडळीचे काय झाले ते पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. उपासनेची हजेरी घटली. एक अभ्यासवर्ग माणसांअभावी बंद पडला. माणसे पाळकाकडे मन मोकळे करावयास येईनाशी झाली. प्रार्थनेत आणि पापांगीकारात हात राखून बोलू लागली. प्रथम न्यायालयाने दावा फेटाळला. १९८९ साली अपील न्यायालयाने मात्र हे नुकसान खरे नुकसान आहे आणि चर्चला त्यासाठी दाद मागता येते असा निवाडा दिला. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, असे रविवारच्या प्रवचनात कित्येकदा सांगितले जाते. येथे ते कोर्टाच्या कागदावर आले. शेजारच्या बाकावरचा माणूस कोण आहे हा संशय एकदा आत शिरला की फलक तसेच लटकत राहतात, पण आतली माणसे एकमेकांपासून दूर सरकतात. आणि कागद नसलेल्या माणसाला या सरकण्याचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण अनोळखी माणसांच्या विश्वासावाचून त्याच्यापाशी दुसरे भांडवल नसते.

चर्चेसनी दुसराही एक दावा १९८५ मध्ये लावला होता. अमेरिकन बाप्टिस्ट चर्चेसच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात सरकारने तडजोड केली आणि ३१ जानेवारी १९९१ रोजी न्यायालयाने ती मान्य केली. दोन लाखांहून अधिक साल्वादोरी व ग्वातेमाली लोकांना आपला अर्ज नव्याने ऐकून घेण्याचा हक्क मिळाला. जे फौजदारी न्यायालयात ज्यूरीला ऐकू दिले नव्हते, ते दिवाणी दाव्याने या वाटेने पदरात पाडले. मधल्या काळात, १९८६ साली, लाखो बिनकागदी रहिवाशांना कायदेशीर करणारा कायदाही झाला होता, पण त्याची अट १ जानेवारी १९८२ पूर्वी येऊन राहिल्याची होती. साउथसाइडच्या दारावर फलक लागला तो त्यानंतर बारा आठवड्यांनी.

पुढच्या पिढीत आश्रयाचे रूप पालटले. २००६ साली एल्विरा अरेल्यानो ही मेक्सिकन स्त्री आपल्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलासह शिकागोच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये राहिली. वर्षभराने ती बाहेर पडली तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये एका चर्चबाहेर तिला पकडून त्याच दिवशी मेक्सिकोत सोडण्यात आले. २०१४ मध्ये साउथसाइडनेच एका आईला आश्रय दिला. ती ४६१ दिवस त्या आवारात राहिली. ही माणसे काल सीमा ओलांडून आलेली नव्हती. वर्षानुवर्षे तेथे राहून, कामे करून, मुले शाळेत घालून ती त्या समाजाची झाली होती. १९८२ चा पाहुणा आता घरचा झाला होता, आणि मंडळी ज्याला लपवीत होती तो तिचाच एक सभासद होता.

२०११ पासून अमेरिकी प्रशासनाने स्वतःला एक नियम घालून घेतला होता की शाळा, रुग्णालये व उपासनास्थळे येथे सहसा अटका करू नयेत. तो कायदा नव्हे, खात्याचे परिपत्रक. जानेवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने पहिल्याच दिवसांत ते रद्द केले. क्वेकरांनी लगोलग न्यायालय गाठले आणि फेब्रुवारीत एका न्यायाधीशाने मनाई हुकूम दिला, पण तो फिर्यादी संस्थांपुरताच होता. त्यांत क्वेकरांबरोबर बाप्टिस्टांची एक संस्था आणि सॅक्रामेंटोचा एक गुरुद्वारा होता. त्या वसंतात कॅथलिक बिशपांची परिषद आणि इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून एक अहवाल काढला. हद्दपारीच्या छायेतील लोकांपैकी पाचांतील चार जण ख्रिस्ती आहेत, असे त्यात म्हटले होते. म्हणजे प्रश्न 'त्यांना आत घ्यावे काय' असा उरलेलाच नाही. ते आत आहेतच.

८ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचे बिशप आल्बेर्तो रोहास यांनी एक फर्मान काढले. कॅथलिकांना रविवारच्या मिस्साला हजर राहणे बंधनकारक असते. आजारपणासारख्या गंभीर कारणासाठीच त्यातून सूट मिळते. या धर्मप्रांतात सुमारे सोळा लाख कॅथलिक आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना पकडले जाण्याची खरी भीती वाटते त्यांनी मिस्साला आले नाही तरी चालेल, असे बिशपांनी लिहिले. घरीच जपमाळेची प्रार्थना करावी, शास्त्र वाचावे, पडद्यावर मिस्सा पाहावी.